दक्षिण टेक्ससच्या झुडपात हरणाचा माज चंद्र ठरवत नाही

ऑक्टोबर संपत आला की टेक्ससमधल्या शिकारी मंडळींच्या फोनवर दरवर्षी एक सल्ला फिरू लागतो. यंदा तो मला ओळखीच्या तीन मराठी घरांतूनही आला. मतलब असा: व्हाइटटेल (पांढऱ्या शेपटीच्या) हरणांचा माज नोव्हेंबरच्या पौर्णिमेला सुरू होतो, सुट्टी तेव्हाच टाका. पौर्णिमेला हरणं रात्रभर चरतात, दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊ नका. नऊ वाजले की मचाण सोडा. दाट झुडपात नराला बोलवायला शिंगं वाजवणं व्हिडिओपुरतं ठीक. आणि गोळी जड घ्या, ती फांद्या कापत सरळ जाते.

दक्षिण टेक्ससमधल्या कोटुला ते कॅरिझो स्प्रिंग्ज या पट्ट्यात मी बारा हंगाम काढले आहेत. तिथे यातलं फारसं काही लागू पडत नाही. शेवटचं वाक्य तर घातक आहे.

हे रान आपल्या माणसाला अगदीच परकं वाटत नाही. तिथलं मेस्किट म्हणजे आपल्या वेड्या बाभळीचं सख्खं भावंड. ‘वीसाचे’ नावाचं झाड तर आपली देवबाभूळच. मध्ये मध्ये फड्या निवडुंगाची बेटं. डोक्याएवढं उंच, काटेरी, आणि पंधरा पावलांपलीकडचं दिसत नाही असं. त्यातून बुलडोझरने सरळ पट्टे काढलेले असतात, त्यांना सेंडेरो म्हणतात. हरण दिसलं तर तो पट्टा ओलांडताना, चार-पाच सेकंद.

आता चंद्राचं. माज दिवसाच्या लांबीवर ठरतो. दिवस आखूड होत गेले की शरीरातली संप्रेरकं बदलतात. पौर्णिमेची इंग्रजी तारीख दरवर्षी मागेपुढे सरकते, कधी अडीच आठवड्यांहूनही जास्त. माज तिच्यावर असता तर पाडसांचा जन्मही तसाच सरकला असता, पण तो सरकत नाही. मराठी माणसाला हे एका वाक्यात सांगता येतं: माज दिवाळीसारखा नाही, संक्रांतीसारखा आहे.

आणि टेक्ससभर एकच तारीखही नाही. राज्याच्या वन्यजीव खात्याने तीन वर्षं माद्यांच्या पोटातल्या गर्भांची मापं घेऊन गर्भधारणेचा दिवस मागे मोजत काढला. मेक्सिकोच्या आखाताच्या किनारपट्टीच्या काही भागात माजाचा भर सप्टेंबरअखेर निघाला, पोस्ट ओक नावाच्या ओकवृक्षांच्या पट्ट्यात 10 नोव्हेंबरच्या आसपास, आणि दक्षिणेच्या झुडपात सगळ्यात उशिरा: पूर्व भागात 16 डिसेंबर, पश्चिमेत 24 डिसेंबर. गर्भकाळ साधारण 200 दिवसांचा, म्हणून तिथली पाडसं जुलैत दिसतात. त्रिपुरारी पौर्णिमेला सुट्टी घेऊन तिथे गेलेला माणूस महिनाभर आधी पोचलेला असतो. दक्षिण विभागाचा हंगाम जानेवारीच्या तिसऱ्या रविवारपर्यंत चालतो, सुट्टी नाताळासाठी राखा.

पौर्णिमेनंतरच्या सकाळचं म्हणाल, तर गळ्यात जीपीएस पट्टे घातलेल्या हरणांच्या हालचाली अनेक ठिकाणी तपासल्या गेल्या आहेत. हरणं चांदण्यातही पहाटे आणि तिन्हीसांजेलाच जास्त फिरतात. सकाळ सोडू नका.

नऊ वाजता उतरायचा सल्ला नोव्हेंबरात चालेल, कारण तिथे तेव्हा दुपारी अजून उकडतं. डिसेंबरात उत्तरेचा गार वारा सुटला की चित्र बदलतं. मादी जेमतेम एक दिवस माजावर असते, त्यामुळे नर एका मादीकडून दुसरीच्या शोधात भर अकरालाही चालत असतो. डबा मचाणावरच खा.

शिंगं वाजवण्याबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण जिथे नजर पोचत नाही तिथे आवाजच पोचतो. गळून पडलेली शिंगं एकमेकांवर आपटून दोन नर झुंजताहेत असा आवाज काढायचा, तिसरा बघायला येतो. दक्षिण टेक्ससमधल्याच सिंटनजवळच्या वेल्डर अभयारण्यात 1990च्या दशकात याचा पद्धतशीर अभ्यास झाला. जोरात वाजवल्यावर हळू वाजवण्यापेक्षा कितीतरी जास्त नर आले. बहुतेक नर वाऱ्याच्या खालच्या बाजूने आले, आणि जमिनीवर बसून वाजवणाऱ्याला जे दिसलेच नाहीत ते उंच मनोऱ्यावरच्या माणसाने मोजले.

हे मी स्वतः अनुभवलं आहे. ख्रिसमसच्या आदल्या दिवशी, पावणेदहाला, मी मेस्किटखाली बसून शिंगं आपटली, फांद्या मोडल्या, टाचा जमिनीवर घासल्या. वीस मिनिटं काही नाही. मचाणावरचा मित्र खाली उतरला आणि म्हणाला, "अरे, तो तुझ्या पाठीमागेच उभा होता!" तीस पावलांवर, झुडपाच्या कडेला, मान ताणून, नाकपुड्या फुलवून. माझा वास लागला तसा आवाज न करता मागे वळला. मातीत खूर दिसत होते, पुढची नखं फाकलेली.

म्हणून वारा तुमच्यापासून सेंडेरोकडे वाहू द्या, आणि सोबती असेल तर त्याला त्या पट्ट्याच्या एका टोकाला उंचावर बसवा. दोघांनी एकमेकांची जागा पक्की ठरवून घ्यायची आणि नारिंगी जाकीट घालायचंच. टेक्ससात खाजगी रँचवर त्याची सक्ती नाही, पण नारिंगी रंग हरणाला आपल्यासारखा भडक दिसत नाही. माणसाला मात्र दिसतो.

राहिली जड गोळी. वेगवेगळ्या वजनाच्या गोळ्या काटक्यांतून मारून पाहिलेल्या चाचण्या पुष्कळ आहेत, आणि फांदी लागल्यावर सरळ जाईलच असा भरवसा त्यात कुठल्याच गोळीचा दिसत नाही. काटकीनंतर हरण जितकं दूर तितकी चूक मोठी. ही चूक मी केली आहे. दुसऱ्याच हंगामात, याच सल्ल्यावर विसंबून, मेस्किटच्या जाळीतून मी एका नरावर गोळी झाडली. त्याचा मागचा पाय लुळा पडला आणि तो आत गेला. अर्धा तास थांबून आम्ही रक्ताच्या थेंबांवरून निवडुंगात रात्रीपर्यंत शोधलं. दुसऱ्या दिवशी दुपारी गिधाडं घिरट्या घालताना दिसली, तेव्हा तो सापडला.

परतताना मी ती काटकी शोधून काढली. गोळीने खरवडलेली, माझ्या करंगळीहून बारीक होती.