तापमापक व्हा, सुखी व्हा

मुंबईत उन्हाळा सुखाने काढायचा असेल तर एकच उपाय आहे. वेधशाळेचा तापमापक व्हा.

चेष्टा नाही, त्याचा थाट बघा. पांढरी लाकडी पेटी, दुहेरी छप्पर, चारही बाजूंना तिरप्या पट्ट्या. वारा आत येतो, ऊन बाहेर राहतं. खाली शक्यतो गवत, जवळपास भिंत नको, डांबर नको. 19व्या शतकात दीपगृहं बांधणाऱ्या थॉमस स्टीव्हन्सनने ही पेटी आखली. एवढ्या वर्षांत तिच्यासाठी वाढीव एफएसआय कुणी मागितलेला नाही.

आत एका तापमापकाचे तर फारच लाड. त्याला मलमलीचं ओलं फडकं गुंडाळलेलं असतं. ते वाळताना त्याला घामासारखाच गारवा देतं, म्हणून त्याचा पारा साध्या तापमापकाच्या खाली राहतो. त्याचा पारा 35 ला पोचला की माणसाचा घाम वाळून गारवा देत नाही, आणि धडधाकट माणूसही सावलीत बसल्याबसल्या काही तासांत दगावू शकतो. नवे प्रयोग सांगतात, शरीर त्याच्या बरंच आधी हात टेकतं. तुम्ही मात्र टेकू नका. दिवसभर तापलेला पत्रा रात्रभर डोक्यावर, आणि शेजारच्या टॉवरचे एसी आतली उष्णता तुमच्या खिडकीकडे फेकताहेत. फुकट मिळतंय, घ्या.

भोवळ येण्याआधी आकडा तपासा. किनाऱ्यावर साध्या, कोरड्या तापमापकाचा पारा 37 वर गेला आणि नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी चढला, तरच ती उष्णतेची लाट. 36 वर पडलात तर ते तुमचं खासगी प्रकरण. घामासाठी 'उष्ण व दमट' असा वेगळा इशारा मिळतो, लाटेचा मान नाही.

दुपारी 12 ते 3 बाहेर पडू नका, ही सूचना तर नाक्यावरच्या मजुराने आणि जेवणाची ऑर्डर पोचवणाऱ्या पोराने कागदावर छापूनच घ्यावी. डोक्यावर धरायला बरी पडते. 16 एप्रिल 2023 ला खारघरला महाराष्ट्र भूषण सोहळ्यात लाखो लोक उघड्या मैदानात बसले होते. छप्पर मंचाला होतं. उष्माघाताने 14 माणसं गेली.

पेटी मिळालीच नाही, तर निदान गच्चीला पांढरा रंग मारून घ्या. स्वस्त आहे, खालची खोली थोडी तरी निवते. फक्त सोसायटीच्या सभेत हा विषय काढू नका. तिथे सध्या गाड्यांवर पानं पडतात म्हणून बदामाचं झाड तोडायचा ठराव आलाय, आणि अनुमोदक म्हणून सही तुमचीच आहे.