सत्कारापेक्षा ड्युटी चार्ट महत्त्वाचा

१२ मेचा जागतिक परिचारिका दिन जवळ आला, की रुग्णालयांत परिचारिकांना गुलाबाची फुले मिळतात आणि ताणतणावावर एखादे व्याख्यान होते. त्याला माझी हरकत नाही. परंतु परिसेविका, म्हणजे वॉर्डाची प्रमुख परिचारिका, म्हणून निवृत्त झाल्यावर मला एवढेच दिसते, की करोनानंतर परिचारिकांच्या आरोग्याची चर्चा पुष्कळ झाली तरी ती ड्युटी चार्टपर्यंत क्वचितच पोहोचली.

भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार अध्यापन रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात ३ रुग्णांमागे १ परिचारिका असावी आणि त्याखेरीज रजेसाठी ३० टक्के राखीव मनुष्यबळ असावे. माझ्या मते सगळा प्रश्न या ३० टक्क्यांत आहे. नागपूरच्या मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांत गडचिरोली-गोंदियापासून थेट छिंदवाडा-बालाघाटपर्यंतचे रुग्ण येतात, आणि सरकारी वॉर्डात कोणाला परत पाठवता येत नाही. रुग्ण वाढले तरी नाईटच्या चार्टवर नावे तेवढीच राहतात. एप्रिल २०२१ मध्ये, नागपूरच्या उन्हाळ्यात पीपीई किट घालून पाळ्या काढणाऱ्या मुली स्वतःच बाधित होऊ लागल्या, तेव्हा त्यांच्या जागी उभे करायला माणूस नव्हता. राखीव माणूस नसला, की एकीची रजा दुसरीची डबल ड्युटी होते. मग मुली ताप अंगावर काढतात, आणि आपण त्यांना प्राणायाम शिकवतो! जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणातसुद्धा बर्नआउटचा, म्हणजे कामाने पार थकून जाण्याचा, संबंध कामाच्या ठिकाणी नीट न हाताळलेल्या दीर्घकालीन ताणाशी जोडलेला आहे.

खासगी क्षेत्राचे दुखणे वेगळे आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर नेमलेल्या केंद्राच्या समितीने २०१६ मध्ये शिफारस केली, की २०० हून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयाने सरकारी परिचारिकेइतके वेतन द्यावे आणि ५० पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयानेही दरमहा किमान २० हजार रुपये द्यावेत. ती कुठे पाळली जाते, हे नागपुरातल्या धंतोली-रामदासपेठेतल्या खासगी रुग्णालयांतील मुलींना एकांतात विचारावे. मेट्रनसमोर, म्हणजे परिचारिकांच्या प्रमुखासमोर, त्या बोलणार नाहीत.

हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे. रात्री दोन वाजता नातेवाइकांचा जमाव वॉर्डात शिरतो तेव्हा मात्र दाराशी सुरक्षारक्षक लागतो.

पदे भरणे हे शासनाचे आणि व्यवस्थापनाचे काम आहे, त्याला वेळ लागतो हेही मान्य. परंतु इंडेंट (सामानाची मागणीपत्रे) भरणे, चादरी मोजणे आणि एकच नोंद तीन रजिस्टरांत उतरवणे या कामांतून सिस्टरला सोडवायला नव्या पदाची गरज नसते. कारकुनाला ते जमते. महिन्याचा चार्ट आधी लावला आणि लागोपाठच्या नाईटनंतरची सुट्टी कोणाच्या मर्जीवर ठेवली नाही, तर घरी लहान मूल असलेल्या मुलीला निदान नियोजन करता येईल. आणि कंत्राटी परिचारिका वॉर्डातल्याच संसर्गाने आजारी पडली, तर त्या दिवसांचा तिचा पगार कापणे सर्वांत आधी बंद करावे.