ओर्का आजीचे १०५ वर्षांचे वय आले कुठून?

‘१९११ साली, टायटॅनिक बुडण्याआधी जन्मलेली ओर्का आजी १०५ वर्षे जगली, शेवटपर्यंत आपल्या मुला-नातवंडांच्या कळपाची म्होरकी होती, शास्त्रज्ञांकडे सगळी नोंद आहे’ असा मेसेज पुन्हा फिरतो आहे. आजी खरी. अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या सेलिश समुद्रातली ओर्का (किलर व्हेल) ‘जे-२’, म्हणजे ग्रॅनी. २०१६ च्या ऑक्टोबरनंतर ती दिसली नाही.

पण जन्माची नोंद कोणाकडेच नाही. मायकेल बिग, केन बाल्कम वगैरे ओर्का-अभ्यासकांनी पाठीवरचा पर, त्याच्या खाचा आणि मागचा करडा डाग यांच्या फोटोंवरून एकेक ओर्का ओळखायला सुरुवात केली ती १९७० च्या दशकात. तेव्हा ग्रॅनी पूर्ण वाढलेली होती. तिच्यासोबत ‘जे-१’ रफल्स हा मोठा नर असायचा. तो तिचा मुलगा, असे धरले. त्याचा जन्म १९५१ च्या सुमाराचा, असे धरले. पुढे तिच्याजवळ पिल्लू दिसले नाही, म्हणून तो शेंडेफळ, आणि शेंडेफळाच्या वेळी आई चाळिशीची, हेही धरले. १९५१ वजा ४०. झाले १९११!

नंतरच्या जनुकीय तपासणीत रफल्स तिचा मुलगा नसल्याचे दिसले. चरबीच्या नमुन्यावरून काढलेले तिचे वय ६५ ते ८० च्या दरम्यान येते.

मूळ अंदाज मूर्खपणाचा मात्र नव्हता. या ओर्कांचे मुलगे थोराड झाले तरी आईला सोडत नाहीत. पण ‘एल-८७’ ओनिक्स हा नर पाहा. आई गेल्यावर हा परक्या कळपात शिरला आणि पुढे ग्रॅनीला चिकटून राहू लागला. जुन्या हिशेबाने तोही तिचा मुलगाच ठरला असता.

‘मुला-नातवंडांचा कळप’ हेही अर्धेच खरे. ग्रॅनीच्या ‘जे’ नावाच्या कळपात अनेक आयांचे वंश आहेत. म्होरकेपणाला आधार आहे: पिल्ले होण्याचे वय उलटलेल्या माद्या पुढे पोहतात, सामन मासा, म्हणजे त्यांचे मुख्य खाणे, कमी असतो तेव्हा तर जास्तच.

मेसेजमध्ये नसलेली गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. १९६० आणि ७० च्या दशकांत मत्स्यालयांसाठी सेलिश समुद्रातल्या या ओर्का-समूहातल्या चाळीसहून अधिक ओर्का पकडल्या गेल्या किंवा त्या धरपकडीत मेल्या. नेली ती मुख्यतः पिल्ले. मग मोजणीच्या वेळी ज्या मादीजवळ पिल्लू नव्हते, तिला ते झालेच नव्हते, असे कशावरून म्हणायचे?

ओर्कांना मत्स्यालयांत ठेवण्याच्या विरोधासाठी १०५ चा आकडा वापरणाऱ्यांनी तो सोडावा. तो खोडणे समोरच्याला फार सोपे जाते. मोकळ्या समुद्रातल्या माद्या ऐंशीच्या आसपास जगू शकतात, एवढे पुरेसे आहे.