कुलचा साडेतीनला खायचा नसतो : कट्ट्यावरचा वाद

काल रात्री मनमाडला आमच्या कट्ट्यावर जो वाद झाला तो लिहून काढतोय, कारण सगळे एकदम बोलत होते आणि माझं म्हणणं अर्धंच राहिलं.

सुरुवात सोन्याने केली. गडी नुकताच अमृतसरला जाऊन आला आणि आल्या आल्या म्हणतो, "काय राव, पंजाबी खाण्याचं एवढं कौतुक करता तुम्ही, मला तर आपल्या हायवेच्या ढाब्यावरचं पनीर बटर मसाला जास्त आवडतं." मी चहाचा ग्लास खाली ठेवला. म्हटलं थांब, आधी सांग काय खाल्लं आणि किती वाजता खाल्लं.

तर झालं असं. हा सचखंड एक्सप्रेसने गेला, दुसऱ्या दिवशी रात्री पोचला, लॉजच्या खालीच रेस्टॉरंट होतं तिथे पनीर आणि नान खाऊन झोपला. सकाळी उशिरा उठून लॉजवरच ब्रेड-बटर, मग दरबार साहिबचं, म्हणजे सुवर्णमंदिराचं, दर्शन घेऊन बाहेर, मग अटारी सीमेवरची परेड बघायला गाडी ठरवलेली आणि तिकडे जाता जाता साडेतीनच्या सुमाराला एका दुकानात कुलचा मागितला. त्याने सकाळचा भाजून ठेवलेला कुलचा तव्यावर गरम करून दिला, चिवट झालेला, सोबतचे छोले पण पाणीदार. एवढ्यावर याने अख्खं पंजाब नापास केलं.

अरे, कुलचा ही सकाळची गोष्ट आहे! आपण मिसळ जशी सकाळीच खातो तसं तिकडे सकाळी आठ-नऊला तंदूर पेटलेला असतो आणि चांगल्या दुकानातला माल दुपारपर्यंत संपतो, नंतर जे मिळतं ते उरलेलं. मी तीन वर्षांपूर्वी गेलो तेव्हा एका गल्लीत तंदूरच्या बाजूलाच उभा राहिलो होतो. तो माणूस मैद्याच्या गोळ्याला तूप लावून घडी घालतो, परत लाटतो, परत घडी, मग आत बटाटा, कांदा, कोथिंबीर आणि अनारदाणा भरतो, वरून ओला हात फिरवतो आणि कापडाच्या गादीवर घेऊन हात खांद्यापर्यंत तंदूरमध्ये घालून भिंतीवर थापतो. मग सळईने काढतो, वर लोणी टाकतो आणि, हे बघण्यासारखं आहे, दोन्ही हातांनी कुलचा चक्क दाबून चुरगळतो. पहिल्यांदा वाटलं अरे हा मोडतोय का, पण त्यानेच पापुद्रे सुटतात, वाफ बाहेर येते आणि लोणी आतपर्यंत जातं. सोबत छोले आणि चिंच-कांद्याची आंबट चटणी. आता हे पाच मिनिटांत खाल्लं तर कुलचा, अर्ध्या तासाने खाल्लं तर नुसती जाड पोळी. सोन्याने सहा तासांनी खाल्लं.

गार्डकाका (रेल्वेतून रिटायर, पासावर चार वेळा अमृतसर करून आलेत) म्हणाले, "त्याची चूक नाही रे. आपल्याकडे मेनूकार्डावर पंजाबी म्हणून जे लिहितात ती काजू-टोमॅटोची लाल ग्रेव्ही, तीच जीभेला बसलीय, तीच शोधत गेला तो." हे मला पटलं. बटर चिकन जे म्हणतो ते तर दिल्लीच्या दर्यागंजमधलं, फाळणीनंतर पेशावरहून आलेल्या लोकांच्या हॉटेलातलं. आणि अमृतसरमधला केसर दा ढाबा 1916 साली शेखुपुऱ्याला सुरू झालेला, तो भाग 1947 ला पाकिस्तानात गेला आणि माणसं अमृतसरला आली. म्हणजे तिथली उडदाची काळी दाल रात्रभर मंद आचेवर शिजते ती नुसती रेसिपी नाही, घरदार सोडून आलेल्यांनी सोबत आणलेली गोष्ट आहे. काकांनी तिथे पराठ्यासोबत खाल्ली, म्हणाले तुपाचा वास चौकाच्या अलीकडूनच येतो.

सोन्या ऐकेना. "दोन दिवसांसाठी गेलेला माणूस घड्याळ लावून खाणार का? आणि एकटाच होतो, एवढं तूप एकट्याला झेपतं का?" हा प्रश्न मात्र बरोबर आहे आणि मला लगेच उत्तर सुचलं नाही. माझं मत असं की एकट्याने जायचं असेल तर यादी लहान ठेवायची. सकाळी एकच कुलचा, दुपारचं जेवण नाही, त्याऐवजी मलईवाली लस्सीचा एक ग्लास, तो ग्लासच एवढा मोठा असतो की जेवण झाल्यासारखं होतं, आणि पेढा घालून घुसळलेली मागवली तर संध्याकाळपर्यंत काही लागत नाही. रात्री मासे खाणाऱ्याने जुन्या शहराबाहेर जाऊन अमृतसरी मच्छी खावी, बेसन आणि ओवा लावून तळलेली, ओव्याचा वास कुलच्याइतकाच लक्षात राहतो. बाकी जलेबी, पुरी-छोले पुढच्या वेळी.

मी याच यादीत लंगर, म्हणजे गुरुद्वारातलं सगळ्यांसाठीचं जेवण, पण घातला, "आणि फुकटात लंगर", असं बोलून गेलो. तिथे नांदेडकर चिडला, खरंच चिडला. त्याचं लहानपण नांदेडच्या हजूर साहिब गुरुद्वाराच्या शेजारी गेलंय. म्हणाला, "लंगर स्ट्रीट फूड नाही. जलेबीच्या शेजारी त्याचं नाव लिहू नको. तिथे तू गिऱ्हाईक नाहीस." मी म्हटलं चव चांगली असते म्हणून सांगतोय, तर म्हणाला चव सांगायला कुणी बोलवलं नाही तुला, बस पंगतीत, दोन्ही हात पुढे कर, प्रसादा म्हणून रोटी देतात ती घे, आणि जेवून झालं की भांडी घासायला जा. काका म्हणाले पंगत हा शब्द तिकडेही पंगतच आहे बघ, आणि आपल्या नामदेवांची 61 पदं त्यांच्या गुरू ग्रंथ साहिबात आहेत.

मी गप्प झालो, कारण तो बरोबर होता. मी तिथे जेवलो तेव्हा माझ्या एका बाजूला ट्रक ड्रायव्हर होता आणि दुसऱ्या बाजूला बहुतेक परदेशी बाई, तिला रोटी एका हाताने घ्यायला गेल्यावर सेवादाराने हसून खूण केली, दोन्ही हात. तिने ओंजळ केली. मीही लगेच दुसरा हात पुढे केला, कारण मी पण एकच केला होता. डाळ साधी होती, खीर गरम होती, आणि बाहेर थाळ्या घासायचा आवाज सतत चालू. लंगर यादीतून मी काढतो, लिहितानाही काढलाच.

सोन्याने शेवटी एवढंच विचारलं की रात्री पोचलो आणि थकलो तर सकाळी आठला उठायचं कसं. काका म्हणाले, "दरबार साहिबला पहाटे जा, अंधार असताना. आपोआप उठशील, आणि बाहेर पडेपर्यंत तंदूर तापलेला असतो."

तो आता डिसेंबरचं तिकीट बघतोय, थंडीत सरसों दा साग (मोहरीच्या पाल्याची भाजी) पण मिळेल म्हणून. नांदेडकर सोबत जाणार आहे. मला सुट्टी मिळेल का माहीत नाही, पण अर्ज टाकलाय.