‘दंड कापा, कामगार सुधारेल’ : केळीच्या पॅकहाऊसमधून उत्तर

‘चूक दिसली की पगारातून 500 कापा. मानसशास्त्रज्ञ स्किनरचं निगेटिव्ह रीइन्फोर्समेंट हेच. शाबासकीने माणूस डोक्यावर बसतो. फार तर महिन्याला एक उत्कृष्ट कामगार निवडा.’ जळगावच्या कारखानदारांच्या ग्रुपांवरचा हा मेसेज आता रावेर-यावलच्या पॅकहाऊसपर्यंत, म्हणजे केळी पेट्यांत भरतात त्या शेडपर्यंत, पोचलाय.

निगेटिव्ह रीइन्फोर्समेंट म्हणजे शिक्षा नव्हे. नकोशी गोष्ट थांबते म्हणून वागणं वाढतं, ते निगेटिव्ह. पेट्या पटापट भरल्या की मुकादमाची कटकट थांबते, म्हणून हात आणखी घाई करतात, तसं. 500 कापणं ही शिक्षा. ती वागणं दाबते, तेही बघणारा समोर असेपर्यंत. मग डागी फणी पेटीच्या तळाशी जाते.

शिवाय 1936चा वेतन अदायगी कायदा असो की 2019ची वेतन संहिता, एका वेतनकाळातला दंड मजुरीच्या 3 टक्क्यांवर जात नाही. आठवड्याच्या 3,000वर 90 रुपये. तोही आधी कामगाराचं म्हणणं ऐकून.

डोक्यावर बसण्याचं म्हणाल, तर गोम मजुरीच्या दरात आहे. पेटीमागे उक्ते पैसे म्हणजे तुम्ही वेगाला बक्षीस देताय, दिवसभर. फण्यांमध्ये फोम घालायचे सेकंद हा मजुराचा तोटा. तो फोम गाळतो, फण्या घासतात, साल काळी पडते. आधी मजुरीचा दर तपासणीत पास झालेल्या पेटीलाच लावा.

मग एकच, डोळ्यांना दिसणारं काम निवडा. ‘नीट भर’ मोजता येत नाही, ‘प्रत्येक फणीखाली फोम’ येतं. पहिला आठवडा काही न बोलता दिवसातून दोनदा, प्रत्येक टेबलाच्या 10 पेट्या उघडून आकडा लिहा. दुसऱ्या आठवड्यापासून ही टिक पेटी भरणाऱ्यानेच करायची. तुम्ही त्याच तासाला जाऊन सांगायचं, ‘दहापैकी नऊ, सकाळी सहा होत्या.’ नुसतं ‘छान’ चार दिवसांत बोथट होतं. अमेरिकेतल्या एमरी एअर फ्रेट या मालवाहतूक कंपनीत छोटी पार्सलं एकत्र भरायच्या मोठ्या कंटेनरचा वापर 90 टक्के वेळा होतो असा समज होता, मोजल्यावर 45 निघाला. कामगारांनी स्वतः नोंद ठेवली, वरून दाद मिळाली, तो 95वर गेला.

महिन्याला एकच विजेता? उरलेल्यांना पहिल्या आठवड्यातच कळतं, आपला नंबर नाही.

आकडा तीन आठवडे टिकला की तपासणी दिवसातून एकदा, पुढे कधीही, न सांगता. एकदम बंद केलीत तर फोम पुन्हा गठ्ठ्यातच राहील.