भोक पाडायचं आणि मग भाव पाडायचा

विकायला काढलेली गाडी बघायला सकाळी दहाला येतो म्हणालेला माणूस दीड वाजता उगवला. ट्रेलर आणलाच नव्हता, म्हणजे गाडी न्यायची नव्हतीच. तरी मी चहा केला, गॅरेज उघडलं, माझ्या एमजीबी जीटीवरची, म्हणजे जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारवरची, चादर काढली.

१९७१ची गाडी. क्रोम बंपर, १७९८ सीसीचं इंजिन, एसयू बनावटीचे दोन्ही कार्ब्युरेटर जागेवर. कोव्हेंट्रीतल्या आमच्या गॅरेजमध्ये चौदा वर्षं उभी आहे. जाहिरातीत मी काहीही लपवलेलं नाही. दोन्ही बाजूंच्या सिल (दाराखालच्या पोकळ पत्र्याच्या पट्ट्या) खलास, त्यांच्या आतल्या बुडाची कॅसल रेल खलास, ड्रायव्हरच्या पायाखालच्या पत्र्याची जाळी झालेली, इंजिन हाताने फिरतं पण सुरू केलेलं नाही. बेचाळीस फोटो टाकलेत, त्यातले तीस नुसत्या गंजाचे. याहून खरं माणसाने काय बोलायचं?

आणि हा गृहस्थ गाडीखाली आडवा झाला, खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि मागच्या चाकाच्या पुढे, जिथे पत्रा अजून धरून होता, तिथेच भोसकायला लागला. टोचून बघणं मी समजू शकतो, मीही बघतो. हा मनगटाचा जोर लावून खुपसत होता! मी "थांबा, थांबा" म्हणेपर्यंत अंगठा जाईल एवढं भोक पडलं. मग उठून, गुडघे झटकून मलाच म्हणतो, "इथेही गंज आहे. हे जाहिरातीत नव्हतं."

नव्हतंच! भोकच नव्हतं तिथे! पत्रा पातळ झाला असेल, मान्य. पण माझ्या दारात येऊन, माझा चहा पिऊन, माझ्या गाडीला भोक पाडायचं आणि त्याच भोकाकडे बोट दाखवून अठराशेचे तीनशे पौंड करायचे? वर म्हणे, गाडी राहू दे, तारेची चाकं आणि ओव्हरड्राइव्हचा गिअरबॉक्स तेवढा काढून द्या. म्हणजे यायच्या आधीच गाडीचे तुकडे करायचं ठरवून आला होता.

रिस्टोरेशन प्रोजेक्ट म्हणजे भंगार नव्हे. मला ती उभी करणारा माणूस हवाय. खांदा साथ देत असता तर पाठीवर झोपून मीच वेल्डिंग केलं असतं, विकायला काढली नसती. हिच्यासाठी काय मिळत नाही? प्रत्येक पॅनल मिळतं. जुन्या ब्रिटिश गाड्यांचे भाग बनवणाऱ्या ब्रिटिश मोटर हेरिटेजने तर १९८८ साली एमजीबीची अख्खी नवी बॉडी बाजारात आणली. काम आहे, पैसा लागेल, पण होण्यासारखं आहे.

तीन आठवडे फोन नुसता वाजतोय. "सुरू होते का?" अरे, पहिल्याच ओळीत लिहिलंय! एकाने वीस मिनिटं शिकवलं की पाच लाखांहून जास्त एमजीबी बनल्या, हिच्यात दुर्मीळ काय. मी दुर्मीळ म्हणालोच कुठे? एकाला गाडी नकोच होती, नुसती कागदपत्रं आणि चासी नंबरची पट्टी हवी होती. त्याला मी असा झाडला की बायको वरून धावत खाली आली. पुण्याहून मेहुणा दर रविवारी न चुकता सांगतो, "मोडीत काढा हो ती."

सगळ्यात जास्त चीड येते ती सजवून विकणाऱ्यांची. कुजलेल्या सिलवर नवा पत्रा डकवतात, फटीत पुट्टी भरतात, वर चकचकीत रंग मारतात आणि "पूर्ण रिस्टोर केलेली" म्हणून नऊ-नऊ हजार घेतात. एमजीबीला वेगळी चासी नाही, सिल हाच तिचा कणा. चाळीस वर्षं उलटलेल्या गाडीला इथे एमओटीची, म्हणजे दरवर्षीच्या तपासणीची, सक्ती नाही, त्यामुळे खालून कोणी बघतही नाही. त्या गाडीत उद्या कोणाची तरी पोरं बसणार आहेत. तिथे मात्र कोणी स्क्रूड्रायव्हर काढत नाही, रंग उडेल ना! ज्याने स्वतःहून गंज दाखवला त्याच्याच गाडीला भोसका.

रात्री पुन्हा फोन आला. "साडेतीनशे. उद्या रोख." मी फोन ठेवून दिला आणि खाली गेलो. भोकाच्या कडा घासल्या, प्राइमर लावला. जाहिरातीत त्याचाही फोटो टाकलाय. त्रेचाळिसावा. किंमत तीच.