सोललेला जातो, असोला नाही

मागच्या शनिवारी दाभोळच्या जेटीवर माझी जी शोभा झाली, ती अजून विरलेली नाही. काल उडीदडाळ आणायला गेले तर दुकानदारानं तागडीवरची नजर न हलवता विचारलं, "ती नारळवाली गाडी तुमचीच ना?"

गाडी आमची नव्हती. एका दिवसासाठी ट्रायलला आणली होती. पण अर्धा किलो डाळीच्या वेळात हे सगळं कुणाला समजावणार? मी "हो" म्हटलं आणि सुट्टे पैसे घेतले.

तर झालं असं. आमची वॅगनआर चौदा वर्षांची झाली, यंदा कलमांनी बरे पैसे दिले, आणि बाबा स्वतःहून म्हणाले की गाडी बदलूया. मी एकोणतीस वर्षांची, पुण्याच्या कंपनीचं काम गुहागरच्या पडवीत बसून करणारी. मी म्हटलं, बदलायचीच तर एकदा तरी मनासारखी घेऊ, अर्धे पैसे माझे. दापोलीत एका गृहस्थांकडे एक विकाऊ होती. लाल, दोन दारांची, दोन सीटची, बटण दाबलं की छप्पर मागे घडी घालून बसणारी. मॉडेल सांगत नाही. मालक सगळं वाचतो आणि आमचा हिशेब अजून मिटायचा आहे.

आईबाबांना पटवण्याची मोहीम दोन महिने चालली. सेनापती होता टोरांटोचा माझा मावसभाऊ. त्यानं अशीच गाडी घेताना मावशी आणि काकांना बर्फाच्या भीतीतून बाहेर काढलं होतं, म्हणून त्याचे सगळे मुद्दे मी जसेच्या तसे उचलले. बर्फ खोडला आणि पाऊस लिहिला, एवढाच बदल. पहिला मुद्दा, थंडीचे वेगळे टायर. सात अंशांच्या खाली साधा टायर कडक होतो, तो मऊ राहतो, रस्ता धरतो. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापक होते. त्यांनी शांतपणे विचारलं, "गुहागरात सात अंश कधी असतं?" मी दापोलीला मिनी महाबळेश्वर म्हणतात हे सांगून पाहिलं. ते म्हणाले, "म्हणतात."

दुसरा मुद्दा जास्त महागात पडला. या गाडीत ताकद मागच्या चाकांना जाते. पुढे इंजिनाचं वजन, मागची बाजू हलकी, म्हणून निसरड्यावर ती मागून घसरते. तिकडे यावर उपाय म्हणजे हिवाळाभर डिकीत वाळूची पोती ठेवायची. मागे वजन येतं, चाकं दाबली जातात. मी हे मोठ्या उत्साहानं सांगितलं.

"डिकीत काय?"

"वाळू."

"रेती? आणि तलाठ्यानं अडवलं तर? रॉयल्टीची पावती कुठली दाखवशील?"

खाडीतल्या रेतीउपशावरून आमच्याकडे डंपर पकडतात. शंभर किलो वाळू लपवून नेणारी पहिली स्पोर्ट्स कार म्हणून माझा फोटो पेपरात आलेला बाबांना दिसला असणार. त्यानंतर दोन दिवस ते मला "रेतीवाली" म्हणून हाक मारत होते.

आई चेष्टा करत नव्हती. ती एवढंच म्हणाली, "मामाची गाडी आठवते ना?" २२ जुलै २०२१. चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी रात्रीत चढलं आणि मामा कुटुंबासकट माळ्यावर बसून राहिला. खाली त्याची नवी गाडी आधी तरंगली, मग भिंतीला लागली, मग दिसेनाशी झाली. इंजिनानं पाणी प्यायलं की हवेच्या जागी पाणी दाबलं जातं, आणि पाणी तर दबत नाही, आतले दांडे वाकतात. ही माहिती आमच्या घरात आईला सगळ्यात जास्त आहे. मामाचा विमेवाला तिच्यासमोरच बोलत होता. "ती गाडी कमरेएवढी उंच होती," आई म्हणाली, "तुझी गुडघ्याएवढी आहे." यावर टोरांटोहून काहीच उत्तर आलं नाही.

तरीही शनिवारी तिघं एसटीनं दापोलीला गेलो. निदान बघू तरी, म्हणून. आता गाडी दोन सीटची आणि आम्ही तिघं, हे मी दोन महिने रोज बोलत होते, पण त्याचा अर्थ मला दापोलीच्या त्या अंगणात पहिल्यांदा कळला. आई म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे, मी दाभोळची गाडी पकडते." आणि पर्स काखोटीला मारून स्टँडकडे निघालीसुद्धा.

ती आमच्याआधी पोचली.

कारण गतिरोधक. नियमाप्रमाणे गतिरोधक दहा सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, म्हणजे गाडी त्यावरून लाटेसारखी जाते. आमच्याकडचा गतिरोधक असा नसतो. कुणाची तरी शेळी गाडीखाली येते, त्या संध्याकाळी वाडी जमते, आणि उरलेलं डांबर एका रेषेत ओतलं जातं. उंची त्या दिवशीच्या रागावर. त्या प्रत्येकावरून मी गाडी तिरकी घालून, एकेक चाक चढवत, बाबांना श्वास रोखायला लावत नेत होते. दोनदा सायकलवाल्यानं ओव्हरटेक केलं. आईची लालपरी आम्हाला वळणावर मागे टाकून गेली, तेव्हा खिडकीतून आईनं हात केला. तो हात मला आवडला नाही.

गुहागरला घरी यायचं तर दाभोळची खाडी फेरीबोटीनं ओलांडायची. जेटीवर आलो तेव्हा ओहोटी होती. पौर्णिमेचं उधाण, त्यामुळे ओहोटीही तेवढीच खोल. फेरीबोट पार खाली गेलेली, जेटीचा उतार शेवाळलेला आणि तो संपतो तिथून बोटीची लोखंडी फळी वर चढणारी. म्हणजे आधी उतार, लगेच चढ, मधे खाच. वॅगनआरमधून हे मी शंभर वेळा पार केलंय आणि तिथे खाच आहे हे मला त्या दिवशी कळलं. गाड्यांची रांग होती. आमच्या शेजारी येऊन उभे राहिले ते आजोबा.

सत्तरीच्या पुढचे. धोतर, वर टेरिकॉटचा शर्ट, पाऊस यायला आठ दिवस असून काखेत छत्री, आणि पायाशी नारळांची गोण. पलीकडे धोपाव्याला लेकीकडे निघालेले. त्यांनी गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारली, जत्रेत बैल बघतात तशी. मग बाबांच्या काचेवर छत्रीची मूठ वाजवली.

"मास्तर, ही काय घेतलाव?"

बाबांना तालुक्यात सगळे मास्तर म्हणतात, त्यामुळे हा माजी पालक की माजी विद्यार्थी याचा पत्ता लागत नाही. बाबा म्हणाले, "घेतली नाही. बघतोय."

"बसलीय का ती?"

"नाही, अशीच असते."

"अशीच असते," आजोबांनी रांगेतल्या बाकीच्यांना कळवलं. मग ते वाकले आणि गाडीखाली बघत बसले. बराच वेळ. मला वाटलं काही गळतंय. ते उठले, गोणीत हात घातला, एक असोला, म्हणजे न सोललेला नारळ काढला, चांगला डोक्याएवढा, आणि मी काच खाली करून "आजोबा, नको" म्हणेपर्यंत तो पुढच्या बंपरखाली सरकवला.

नारळ अडकला.

म्हणजे खरोखर अडकला. अर्धा आत, अर्धा बाहेर, पाचर मारल्यासारखा. आजोबांनी ओढला, नाही आला. रिक्षावाला उतरला, त्यानं ओढला. शेवटी मला रिव्हर्स घ्यावी लागली. त्यासाठी मागचा टेम्पो मागे गेला, त्यासाठी त्याच्या मागची बोलेरो मागे गेली, आणि आपण मागे का जातोय हे विचारायला बोलेरोतले सहाच्या सहा जण खाली उतरले. त्यांना आजोबांनी सुटलेला नारळ दाखवला.

"असोला नाय जात," ते म्हणाले. मग गोणीतून सोललेला काढून सरकवला. तो गडगडत आत गेला आणि मागून बाहेर आला. कोणीतरी टाळी वाजवली. "सोललेला जातो. असोला नाय जात. मंजे मास्तर, उन्हाळ्यात चालंल. पावसाळ्यात नाय."

"कोंबडी जाईल का हो?" बोलेरोतल्या एकानं विचारलं.

आजोबांनी हा प्रश्न गंभीरपणे घेतला. "बसून जाईल," ते म्हणाले. "उभी नाय जायाची."

मी आत बसून स्टिअरिंगकडे बघत होते. माझ्याकडे या गाडीची सगळी आकडेवारी होती, खालचं अंतर मिलिमीटरमध्ये पाठ होतं. पण नारळाच्या मापापुढे मिलिमीटर कोण ऐकतो?

"आणि बाय," आजोबा आता माझ्या बाजूला आले, "गणपती कुटं बसवशील?"

मी म्हटलं, शेजारच्या सीटवर.

"मग मास्तर कुटं बसतील?"

"बाबा… मागून येतील."

"गणपती धरायला मानूस नको? तुजा एक हात गेरवर. वळणावर देव कलंडला मंजे?" त्यांनी वर बघितलं. "आणि मुकुट? छपराला लागंल."

"छप्पर उघडतं आजोबा." हे एकच वाक्य मी अभिमानानं बोलले.

"भाद्रपदात?"

बाबा खिडकीतून खाडीकडे बघायला लागले. त्यांचे खांदे हलत होते.

या दाभोळला पूर्वी घोडे उतरायचे. पंधराव्या शतकात निकितिन नावाचा रशियन व्यापारी बहमनी राज्य पालथं घालून इथूनच परत निघाला, त्यानं लिहून ठेवलंय की या बंदरात अरबस्तानातून, खुरासानातून घोडे येतात. म्हणजे पाचसाडेपाचशे वर्षांपूर्वी याच खाडीत त्या काळातल्या सगळ्यात वेगवान आणि महाग गाड्या उतरत होत्या. एकाही अरबी घोड्याच्या पोटाखाली कुणी नारळ घातल्याची नोंद नाही.

आमचा नंबर आला. खलाशी हात हलवत "घे, घे, घे, घे" करत मागे सरत होता. नाक खाचेत टेकलं, थोडं खरचटलं, पण वर चढलं. फळी संपून डेक सुरू होतो तिथल्या बिजागरीवर मात्र पुढची चाकं पलीकडे, मागची अलीकडे आणि गाडीचं पोट लोखंडावर. खर्रर्र. मी गॅस दिला तर मागची चाकं ओल्या फळीवर नुसती फिरली आणि शेवाळाचा फवारा थेट बोलेरोच्या काचेवर. हेच ते, मागच्या चाकांची ताकद. वाळूची पोती हवी होती.

वरच्या डेकवर सगळे कठड्याशी आले. मधोमध आई. शेजारच्या बाईनं तिला विचारलेलं मला स्वच्छ ऐकू आलं, "कुणाची हो गाडी?" आणि माझ्या जन्मदात्रीनं उत्तर दिलं, "काय माहीत बाई."

बाबा वजन कमी करायला उतरले. दोन फळ्या आणल्या. चार पोरांनी मागून उचलून धरली. पंधरा मिनिटं बोट माझ्यामुळे थांबली, आणि त्या पंधरा मिनिटांत आजोबांनी बिजागरीशी बसून सोललेला नारळ पुन्हा लावून बघितला. "आता सोललेला पन नाय जात," ते म्हणाले. दुःखानं म्हणाले, हे कबूल करते.

आता माझं म्हणणं ऐका. मला सगळे हसले, हसू देत. पण त्या गाडीत खोट काय आहे? तिनं फक्त रस्ता असेल असं गृहीत धरलं. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चाललंय. तेव्हा मी शाळेत होते. मधल्या काळात माझं शिक्षण झालं, नोकरी लागली, दोन नोकऱ्या सुटल्या, महामार्गाचा नंबर ६६ च्या आधी १७ होता हे आता कुणाला आठवत नाही, आणि दर गणपतीला खड्डे बुजवण्याची नवी तारीख येते. जेटीचा उतार खरवडायला कुणाचा तरी एक माणूस आणि एक खराटा लागेल. पण आमच्याकडे रस्ता नीट करत नाहीत, गाडी उंच घेतात. परवडत नसताना हप्ते काढून उंच घेतात. मग म्हणतात, कोकणात अशीच गाडी हवी. कोकणात म्हणजे? इथल्या दगडात असं काय लिहिलंय?

हे सगळं मी धोपाव्याला उतरल्यावर बोलले. बाबा म्हणाले, "बरोबर आहे तुझं." मग जरा वेळानं, "पण आपण उंचच घेऊ."

रविवारी मी गाडी चिपळूण-खेडवरून वळसा घालून परत नेली. फेरीबोटीचं नाव काढायची हिंमत नव्हती. मालकानं गाडीखाली टॉर्च मारला, "घासलीय," म्हणाला आणि चार हजार सांगितले. तीन द्यायला तयार आहे. तो अजून विचार करतोय.

काल बाबांनी शोरूमला फोन लावला. किंमत नंतर, मायलेज नंतर, पहिला प्रश्न, "खालून असोला नारळ जाईल ना?" पलीकडचा पोरगा कोकणातलाच असावा. तो म्हणाला, "दोन जातील सर, एकावर एक नाही, शेजारी शेजारी." बाबांनी पांढरी बुक केली.

धोपाव्याला उतरताना आजोबांनी तो सोललेला नारळ माझ्या हातात ठेवला होता. "जी घ्याल तिच्यापुढं वाढव," म्हणाले. पांढरी यायला महिना आहे, तोवर कशाला ठेवायचा म्हणून आईनं तो काल संध्याकाळी आमटीसाठी फोडला.

खवट निघाला.